मत्स्यतेल व जवसतेल : ओमेगा-3 च्या दृष्टीने तुलना

अलीकडे खेडोपाडी ओमेगा-3 च्या गोळ्यांची विक्री होऊ लागली आहे. "मासळीचे तेल घ्यावे की जवसाचे?" असा प्रश्न शेतकरी कुटुंबे ग्रामसेवकांस व कृषि सहायकांस वारंवार विचारतात. विदर्भ व मराठवाड्यात जवस हे शेतातील पीक, तर कोकण किनाऱ्यावर तारली व बांगडा ही नित्याची मासळी. घरचे टाकून बाजारातील महाग वस्तूवर पैसा खर्चण्यापूर्वी या दोन तेलांतील भेद नीट समजून घेणे हिताचे आहे.

ओमेगा-3 म्हणजे काय?

तेल व चरबी ही स्निग्धाम्लांची बनलेली असतात. बहुतेक स्निग्धाम्ले शरीर स्वतः तयार करते. परंतु काही आहारातूनच मिळवावी लागतात. त्यांस आवश्यक स्निग्धाम्ले म्हणतात. त्यांची आवश्यकता 1929 साली अमेरिकेत बर दांपत्याने उंदरांवरील प्रयोगांनी प्रथम दाखवून दिली.

ओमेगा-3 गटातील तीन आम्ले महत्त्वाची आहेत. पहिले अल्फा-लिनोलेनिक आम्ल. हे वनस्पतींत आढळते. दुसरे ईपीए व तिसरे डीएचए. ही दोन्ही मुख्यतः सागरी मासळीत आढळतात. मेंदू व डोळ्यांतील पडदा यांच्या घडणीत डीएचए मोठ्या प्रमाणावर असते. मासळी ही आम्ले बहुतांशी स्वतः बनवीत नाही. समुद्रातील सूक्ष्म शेवाळ ती तयार करते व अन्नसाखळीतून ती मासळीत येतात.

दोन तेलांतील मुख्य फरक

जवसाच्या बियांत साधारणतः 35 ते 45 टक्के तेल असते व त्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. खाद्यतेलांत इतके प्रमाण क्वचितच आढळते. मात्र जवसात ईपीए व डीएचए मुळीच नसते. मत्स्यतेलात ही दोन्ही आम्ले तयार स्थितीत मिळतात.

जवसातील आम्लापासून शरीर ईपीए व डीएचए बनवू शकते, पण फार थोडे. ईपीए बहुधा शेकडा 10 पेक्षा कमी व डीएचए शेकडा 1 च्या आसपास किंवा त्याहूनही कमी बनते. हिशेब असा मांडता येईल : 10 ग्रॅम जवसातून सुमारे 2 ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल मिळते. त्यातील 5 टक्के रूपांतर धरल्यास 100 मिलिग्रॅम ईपीए व फार तर 20 मिलिग्रॅम डीएचए हाती लागेल. उलट, मत्स्यतेलाच्या 1 ग्रॅमच्या साध्या कॅप्सूलमध्ये सुमारे 180 मिलिग्रॅम ईपीए व 120 मिलिग्रॅम डीएचए असते.

सूर्यफूल, मका व नेहमीच्या वाणांच्या करडईचे तेल यांत ओमेगा-6 आम्ल भरपूर असते. ते त्याच विकरांचा उपयोग करीत असल्यामुळे आहारात त्याचा अतिरेक झाल्यास हे रूपांतर आणखी मंदावते.

यावरून जवस निरुपयोगी आहे असे मात्र समजू नये. अल्फा-लिनोलेनिक आम्ल स्वतः आवश्यकच आहे. प्रौढ पुरुषास रोज सुमारे 1.6 ग्रॅम व स्त्रीस 1.1 ग्रॅम पुरेसे मानतात. ही गरज 10 ग्रॅम जवसाने पूर्ण भागते. शिवाय तेलाऐवजी सबंध बी वापरल्यास प्रथिने व तंतुमय भागही मिळतो.

कॅप्सूल कितपत गुणकारी?

रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढलेले असल्यास वैद्यकीय देखरेखीखाली मत्स्यतेलाच्या मोठ्या मात्रेने ते कमी होते. परंतु निरोगी माणसाने हृदयविकार टाळण्यासाठी सरसकट कॅप्सूल घ्यावी, यास भक्कम आधार नाही. अमेरिकेत 25,000 हून अधिक व्यक्तींवर झालेल्या व 2018 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज 1 ग्रॅमच्या कॅप्सूलने हृदयविकाराच्या मोठ्या घटनांत लक्षणीय घट दिसली नाही. मोठ्या मात्रेने काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा संभवही वाढतो.

जवसतेलाबाबत विशेष सावधगिरी

जवसाचे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून वाळते. याच गुणामुळे ते रंग व व्हार्निशमध्ये वापरतात. आणि याच गुणामुळे ते लवकर खवट होते. म्हणून ते तळणीस वापरू नये. घाण्याचे ताजे तेल गडद बाटलीत, थंड जागी ठेवून थोड्या आठवड्यांत संपवावे व जेवणावर कच्चेच घ्यावे.

रंगाच्या दुकानात मिळणारे "उकळविलेले" जवसतेल कदापि खाऊ नये. ते लवकर वाळावे म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. ही गोष्ट ग्रामसेवकांनी प्रत्येक घरी आवर्जून सांगावी.

व्यवहारात काय करावे?

1. शाकाहारी कुटुंबांनी जवस मंद आचेवर भाजून, कुटून चटणीच्या रूपाने रोज 10 ग्रॅमपर्यंत खावे. न कुटलेले बी बरेचसे तसेच बाहेर पडते. कच्च्या बियांतील सायनाइड निर्माण करणारे द्रव्य भाजल्याने कमी होते. कूट थोडे थोडे करावे. सोबत पाणी भरपूर प्यावे.

2. मासळी खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोन वेळा तारली, बांगडा यांसारखी तेलकट मासळी खावी. तसे केल्यास निरोगी माणसास कॅप्सूलची गरज सहसा पडत नाही.

3. परसातील कोंबड्यांच्या खाद्यात थोडे जवस मिसळल्यास अंड्यातील ओमेगा-3 वाढते. कोंबडी त्यातील काही भागाचे डीएचएत रूपांतर करते.

4. कॅप्सूल घ्यावयाचीच असल्यास वेष्टनावरील एकूण तेलाचा आकडा न पाहता ईपीए व डीएचए यांची बेरीज पाहावी. शाकाहारी व्यक्तीस शेवाळापासून काढलेले डीएचए मिळू शकते.

5. यकृताचे तेल व मासळीच्या अंगाचे तेल एक नव्हे. यकृततेलात अ जीवनसत्त्व फार असते. गरोदर स्त्रियांनी ते वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनीही कोणतेही ओमेगा-3 तेल सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे.

सारांश, डीएचएच्या दृष्टीने मासळी सरस, तर स्वस्त, घरच्या व रोजच्या उपयोगास जवस उत्तम. रब्बीत ओलाव्यावर येणाऱ्या या पिकाच्या चार ओळी शेतकरी बंधूंनी घरापुरत्या तरी पेराव्यात. कुटुंबाची वर्षाची चटणी त्यातून सहज निघेल.