जुना फोर बाय फोर, भरलेली ट्रॉली आणि काळे रान

डांबरी रस्त्यावर उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या आरामात नेणारा पन्नास एचपीचा ट्रॅक्टर फडात शिरला, की एकाच ट्रॉलीपुढे हात टेकतो. मागची चाके जागेवर गरगरतात, काळ्या रानात खड्डा पाडतात आणि बघता बघता ट्रॅक्टर पोटावर बसतो. मग साखळी लावून पुढे दुसरा ट्रॅक्टर जुंपायचा. माळशिरस तालुक्यातल्या वेळापूर-अकलूज-माळीनगर पट्ट्याला हे दृश्य नवे नाही. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर इथला ऊस वाढला आणि सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३०च्या दशकात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना उभा केला. ऊस कारखान्यापर्यंत पोचवण्याचा मोठा भार आज ट्रॅक्टरवर आहे. त्यामुळे रुतलेल्या ट्रॉलीभोवती जमलेल्यांत कुणीतरी हमखास म्हणतो, ‘फोर बाय फोर पाहिजे होता.’ नवा घेण्याइतके पैसे नसतात. मग जुन्याचा शोध सुरू होतो.

सौद्याला बसण्याआधी थोडे गणित करायला हवे. गिऱ्हाईक सगळ्यात आधी ‘किती एचपी?’ असे विचारते आणि तिथेच चुकते.

ट्रॉल्यांसह वीस टनांचे ओझे धरू. चांगल्या डांबरी रस्त्यावर चाके फिरती ठेवायला ओझ्याच्या साधारण दोन टक्के ओढ लागते, म्हणजे सुमारे ४०० किलो. पन्नास एचपीचे इंजिन ताशी २० किलोमीटर वेगाने चाकांपाशी पाचशे किलोंच्या आसपास ओढ देऊ शकते. म्हणजे काम भागते. वीस मीटरला एक मीटर असा चढ आला, की आणखी हजार किलोंची भर पडते. चालक गिअर उतरवतो, वेग सात-आठ किलोमीटरवर येतो, पण गाडी चढते. इंजिनाची ताकद तेवढीच राहते, वेग देऊन ओढ विकत घेता येते.

फडात हा व्यवहार चालत नाही. मऊ, ओलसर रानात ट्रॉलीची चाके जमिनीत दबतात आणि जणू सतत चढावर असल्यासारखी अडतात. तिथे दोनऐवजी पंधरा टक्के ओढ सहज लागते. दहा टनांच्या एकाच ट्रॉलीला दीड हजार किलो! खालच्या गिअरमध्ये इंजिन तेवढी ओढ देईलही, पण चाकाखालची जमीन ती पेलत नाही. सव्वादोन टनांच्या साध्या ट्रॅक्टरचे मागच्या चाकांवरचे वजन सुमारे चौदाशे किलो. अशा मातीत चाकाची पकड वजनाच्या निम्मी धरली, तर ओढ मिळते सातशे किलो. ओढताना पुढचे थोडे वजन मागे सरकते, म्हणून आठशे म्हणू. तेवढ्याच वजनाचा पंचाहत्तर एचपीचा ट्रॅक्टर आणला, तर तो फक्त खड्डा जास्त वेगाने खणेल.

फोर बाय फोरचा फायदा इथे दिसतो. पुढची चाकेही ओढू लागली, की ट्रॅक्टरचे सगळे वजन कामाला येते. जड पुढच्या अॅक्सलसह वजन चोवीसशे किलो धरले, तर ओढ बाराशे किलोंपर्यंत जाते. ही वाढ मोठी आहे, पण दीड हजारांना ती पुरत नाही, हेही पाहावे. चार चाकांचा ट्रॅक्टर घेतला म्हणून ओल्या रानात ट्रॉली काठोकाठ भरता येत नाही. बाकीची तूट भरून काढायची तर वजन वाढवावे लागते. मागच्या टायरमध्ये तीन चतुर्थांश पाणी भरण्याची जुनी पद्धत त्यासाठीच आहे. टायरच्या आकारानुसार एका चाकात दीडशे-दोनशे लिटर पाणी मावते, म्हणजे तेवढेच किलो वजन वाढते, तेही जवळजवळ फुकट. जुन्या टू-व्हीलवाल्याने आधी हा उपाय करून पाहावा आणि मगच बाजारात जावे.

बाजारात गेल्यावर चकचकीत रंग आणि तासांचे मीटर यांवर फारसा भरवसा ठेवू नये. मीटर बदलता येते. पाहायचा तो पुढचा अॅक्सल. पुढच्या चाकांच्या हबपाशी तेल पाझरते का, ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा आहे का, मागून पुढे ताकद नेणारा पोटाखालचा शाफ्ट जागेवर आहे का, की कुणी काढून ठेवला आहे? चारही चाके जमिनीवरून उचलून भक्कम टेकूंवर ठेवावीत, फोर-व्हीलचा दांडा टाकावा आणि गिअरमध्ये पुढची चाके खरोखर फिरतात का, हे डोळ्यांनी पाहावे. दांडा पडला म्हणजे फोर-व्हील लागला, असे नसते.

टायरचा मुद्दा तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. या ट्रॅक्टरांत पुढची चाके मुद्दाम किंचित जास्त वेगाने फिरवलेली असतात, साधारण एक ते पाच टक्के. त्यामुळे पुढची चाके ट्रॅक्टरला ओढत राहतात, मागच्यांनी ढकलण्याची वाट पाहत नाहीत. हा मेळ पुढच्या-मागच्या टायरच्या घेरावर बसवलेला असतो. आधीच्या मालकाने मागे नवे जाड नक्षीचे टायर टाकले आणि पुढे वेगळ्या मापाचे, झिजलेले ठेवले, तर मेळ बिघडतो. पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडू लागतात, टायर झिजतात, गिअरवर ताण येतो. म्हणून टायरच्या बाजूवरचे माप वाचून ते कंपनीच्या पुस्तिकेतल्या जोडीशी ताडून पाहावे. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून ट्रॅक्टर पळवायचा नाही, तो याच कारणाने. मऊ मातीत चाक थोडे घसरून ताण मोकळा होतो, डांबरावर त्याला जागाच मिळत नाही.

एक जीवघेणी सवयही मोडायला हवी. रुतलेली ट्रॉली निघेना, की साखळी हुकाऐवजी वर, टॉप लिंकच्या जागी बांधली जाते. दोन मीटर लांबीच्या चाकांतरावर अर्धा मीटर उंचीवरून हजार किलो ओढले, तर पुढचे अडीचशे किलो वजन मागे सरकते. एक मीटरवरून ओढले, तर पाचशे. पुढची चाके हलकी होतात, मग उचलतात, आणि ट्रॅक्टर चालकावर उलटायला एक-दोन क्षण पुरतात. साखळी नेहमी खालच्या हुकालाच लावावी.

चढाइतकाच उतारही महत्त्वाचा. वेळापूरचा उतार वारकऱ्यांना वारीतल्या धाव्यासाठी, म्हणजे धावत उतरण्यासाठी, माहीत आहे. उसाच्या गाडीला मात्र उतारावर धावणे परवडत नाही. ट्रॉल्यांना ब्रेक नसतील, तर वीस टन थांबवायचे काम ट्रॅक्टरच्या दोन मागच्या चाकांवर येते. विसात एक उतारावर ताशी २० च्या वेगाने आलेली अशी गाडी थांबायला कागदावरच्या हिशेबाने शंभर मीटरच्या आसपास अंतर खाते. फोर-व्हील लावलेला असेल, तर पुढची चाकेही ब्रेकला हातभार लावतात आणि अंतर पस्तीस मीटरच्या घरात येते. तीव्र उतारावर तेवढ्यापुरता तो लावणे म्हणूनच शहाणपणाचे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून उतरणाऱ्याला मात्र कुठलेच तंत्र वाचवू शकत नाही.

आता पैशांचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. नव्याची किंमत उतरली असताना जुन्याची आधीच्याच हिशेबाने सांगितली जात असेल, तर घासाघीस करायला हे भक्कम कारण आहे. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत.

कोणी काय घ्यावे? ज्याचा ट्रॅक्टर हंगामभर मुख्यतः कारखान्याच्या रस्त्यावर पळणार आहे, त्याने चांगल्या टायरांचा, दमदार ब्रेकचा टू-व्हील घेऊन उरलेले पैसे ट्रॉलीच्या ब्रेकवर घालावेत. ज्याला भारी रानातून रोज ट्रॉल्या बाहेर काढायच्या आहेत, त्याने जुना फोर बाय फोर जरूर घ्यावा, मात्र चाचणी रस्त्यावर घेऊ नये. मागच्या चाकावर खडूची खूण करून रिकामा ट्रॅक्टर दहा फेऱ्यांत किती अंतर जातो, ते मोजावे. मग भरलेली ट्रॉली लावून रानात पुन्हा दहा फेऱ्या मोजाव्यात. अंतर दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत कमी भरले, तर ट्रॅक्टर जमिनीला धरून आहे. त्याहून बरेच कमी भरले, तर आधी टायर आणि वजन पाहावे. सौदा ठरला, की मालकी बदलाचे कागद तीस दिवसांच्या आत आरटीओत दाखल करणे मोटार वाहन कायद्याने खरेदीदारावर बंधनकारक आहे.