पट्टीचं कडं
लेखमाला : हातची विद्या, भाग 7

पाण्याची पाच मीटर व्यासाची गोल टाकी घ्या. तिच्या भिंतीला दोन सुती, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी टेकवली, दोन्ही बाजूंनी माणसं लावून आवळली आणि सोडून दिली, तर पट्टी होती तशी सरळ होते. वाकल्याची खूणही तिच्या अंगावर उरत नाही. हीच पट्टी तेलाच्या दोनशे लिटरच्या पिंपाभोवती आवळली तर? सोडल्यावर ती उलगडते खरी, पण पूर्ण नाही. पिंप 58 सेंटिमीटर व्यासाचं असेल, तर पट्टीचं कडं 70 सेंटिमीटरच्या आसपास येऊन थांबतं.

लोखंडाला गोल करण्याचं सगळं कसब या दोन निकालांच्या मधल्या जागेत आहे. वाकवायला ताकद फारशी लागत नाही. सोडल्यावर ते कुठे थांबेल, हे आधी ओळखावं लागतं.

अमेरिकेत घरामागच्या अंगणात शेकोटीसाठी खड्डा किंवा दगडांचा गोल करून त्यात लोखंडी कडं बसवायची आणि त्यावर भाजायची जाळी टाकायची पद्धत आहे. असं कडं घरी करणारे हौशी लोक तिथे पुष्कळ. महाराष्ट्रात हुरड्याच्या आगटीला कड्याची गरज कधी पडली नाही. जमिनीत खळगा आणि त्यात गोवऱ्यांचा निखारा एवढ्यावर काम भागतं. पण वांगी, कणसं, पनीर जाळीवर भाजायचं तर जाळीला आधार हवा आणि दगड ढासळू नयेत म्हणून आत घेर हवा. पवना धरणाच्या काठी तंबू टाकणाऱ्यांपासून शेतघरवाल्यांपर्यंत अनेकांना आता असं कडं लागतं. फॅब्रिकेशनच्या दुकानात ते करून मिळतं. स्वतः करायचं असेल, तर पुढची आकडेमोड वाचायलाच हवी.

जाळी 60 सेंटिमीटरच्या आत बसवायची आहे असं धरू. पट्टी 40 बाय 6 मिलिमीटरची. बाजारात ती सहा मीटरच्या लांबीत येते आणि वजनावर विकली जाते. मीटरला पावणेदोन-दोन किलो, म्हणजे अख्खी पट्टी अकरा किलोंच्या थोडी वर. त्यातून तीन कडी निघतात.

पट्टी कापायची किती? इथेच पहिला घोटाळा होतो. आतला व्यास 600 मिलिमीटर, म्हणून 600 ला 3.1416 ने गुणलं की 1885 येतात. तेवढी कापली तर कडं लहान होतं. बाहेरचा व्यास 612 घेऊन गुणलं तर 1923 येतात आणि कडं मोठं होतं. बरोबर उत्तर या दोहोंच्या मधे आहे : 606 गुणिले 3.1416, म्हणजे 1904. पट्टी वाकते तेव्हा तिची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते आणि जाडीच्या मधोमध एक थर असा असतो, की तो ताणलाही जात नाही आणि दाबलाही जात नाही. पट्टीची मूळ लांबी तेवढ्या थरातच जशीच्या तशी राहते. म्हणून आतल्या व्यासात एक जाडी मिळवायची आणि मग गुणायचं. हे विसरलं की दोन सुती पट्टीच्या कड्यात 19 मिलिमीटरची चूक होते. एवढी फट वेल्डिंगने नुसती भरून निघत नाही, आणि तेवढं जास्तीचं तोंड दाबून मिटत नाही.

हा मधला थर शास्त्राला सहजी सापडला नाही. गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात तुळईच्या मजबुतीचा विचार केला, पण तुळई आपल्या खालच्या कडेवर कलते असं त्याने धरलं. तो मधला थर नेमका कुठे असतो, हे अभियंत्यांच्या हातात पक्कं पडलं ते फ्रेंच अभियंता नाविए याच्या 1826 सालच्या पुस्तकाने. दोन तारखांमध्ये जवळजवळ दोन शतकांचं अंतर आहे. त्या दोन शतकांत, आणि त्याच्याही आधी, गावोगावचे लोहार पट्टीची कडी करतच होते, आणि ती मापात बसत होती.

बैलगाडीची धाव हे त्याचं सर्वांत कठीण उदाहरण. शेकोटीचं कडं सेंटिमीटरभर चुकलं तर जाळी कापून भागतं. धावेला अशी सवलत नाही. लाकडी चाकाचा घेर, आरे आणि तुंबा हे सगळं आवळून धरणारं हे लोखंडी कडं चाकापेक्षा मुद्दाम किंचित लहान करतात. ते थंड असताना चाकावर चढूच शकत नाही. मग ते जमिनीवर आडवं ठेवून भोवती गोवऱ्या रचतात आणि सगळीकडून सारखं तापवतात. पाच फुटी चाकाची धाव पाचशे अंशांनी तापली, की तिचा घेर साधारण तीन सेंटिमीटरने वाढतो आणि व्यास एका सेंटिमीटरने. तेवढ्या सेंटिमीटरभरात काम उरकायचं असतं. तीन-चार माणसं सांडशीत धरून धाव उचलतात आणि चाकावर ठेवतात. लाकूड पेटायला लागतं, धूर निघतो, लोहार घणाने ती चहूबाजूंनी बसवत जातो आणि लगेच पाणी ओततात. लोखंड आखडतं, आरे तुंब्यात घट्ट रुततात आणि लाकूड करकरतं. पाणी उशिरा पडलं तर लाकूड जळून घेर कमी होतो. धाव जास्त लहान झालेली असेल, तर आवळताना आरे वाकडे होतात. जास्त मोठी झाली असेल, तर उन्हाळ्यात लाकूड सुकलं की ती निघून रस्त्यात पडते. उन्हाळ्यात चाकं ओढ्याच्या पाण्यात उभी करायची पद्धत होती ती याचसाठी : लाकूड फुगावं आणि धाव पुन्हा घट्ट व्हावी.

डनलॉपच्या टायरची गाडी आली आणि धाव बसवण्याची वेळ कमी कमी येत गेली. रस्त्याकडेला पाल टाकून भट्टी लावणाऱ्या घिसाडी कुटुंबांकडे आजही कोयते, कुऱ्हाडी, विळे होतात. तिथे घण बहुतेक वेळा बाईच्या हातात असतो आणि सांडस पुरुषाच्या. त्यांच्याकडे पट्टी वाकवताना पाहिलं, की एक गोष्ट लगेच ध्यानात येते. घाव एकाच ठिकाणी दोनदा पडत नाही. पट्टी प्रत्येक घावानंतर बोटभर पुढे सरकते.

थंड पट्टीलाही हाच नियम लागू आहे. 40 बाय 6 ची पट्टी सपाट बाजूवर वाकवायला मीटरभर लांब पाइपाच्या टोकावर नऊ-दहा किलोंचा जोर पुरतो. म्हणजे हे काम कोणाही धडधाकट माणसाच्या आवाक्यातलं आहे. यंत्र नसलं तरी अडत नाही. जाडी दुप्पट केली की मात्र जोर चौपट लागतो. तीन सुती किंवा चार सुती पट्टी घेऊन घरी बसणाऱ्याची दमछाक होते ती याच हिशेबाने. शेकोटीला दोन सूत भरपूर झाली.

सर्वांत साधं साधन म्हणजे मजबूत टेबलावर पक्क्या केलेल्या दोन जाड खुंट्या. त्यांच्या मधे पट्टी अडकवायची, पाइपाने जराशी ओढायची, पुढे सरकवायची, पुन्हा ओढायची. पट्टीवर आधी खडूने दर पाच सेंटिमीटरला रेघ मारून घेतली तर प्रत्येक रेघेवर सारखाच बाक देता येतो. हे कंटाळवाणं आहे आणि तसंच करायला हवं. घाईत एखाद्या ठिकाणी जास्त बाक गेला, की तिथे कोपरा पडतो. पुढे कितीही ठोकलं तरी तो कोपरा डोळ्यांना खुपत राहतो. वाकलेलं लोखंड त्या जागी थोडं कडक झालेलं असतं, त्यामुळे उलटा बाक देताना कोपऱ्याच्या शेजारची पट्टी आधी वाकते.

दुसरा मार्ग साच्याचा. गोल साच्याला पट्टीचं एक टोक पक्कं आवळायचं आणि उरलेली पट्टी भोवती ओढत न्यायची. साचा किती मोठा घ्यायचा हे मात्र आधी ठरवावं लागतं. ताण काढला की पट्टीतला प्रत्येक थर थोडा मागे येतो. साध्या बांधकामाच्या पोलादाला, म्हणजे आयएस 2062 मधल्या 250 मेगापास्कलच्या प्रतीला, 6 मिलिमीटर जाडीत 60 सेंटिमीटरचं कडं हवं असेल तर हिशेबाने साचा 50 सेंटिमीटरचा निघतो. पट्टीची प्रत थोडी चढी असली, आणि ती अनेकदा असते, तर साचा आणखी लहान हवा. म्हणून अनुभवी कारागीर त्याच पट्टीचा हातभर तुकडा आधी वाकवून, सोडून, मोजून पाहतो. पिंपच साचा म्हणून वापरायचं असेल तर ते वाळूने ठासून भरावं, नाही तर पत्रा चेपतो. आणि पिंपावर 60 चं कडं मिळणार नाही हे वर आलंच आहे.

दुकानातलं तीन रोलरचं यंत्र हेच काम सुबकपणे करतं. खाली दोन रोलर, वर एक. वरचा थोडा थोडा खाली घेत पट्टी अनेक वेळा मागे-पुढे फिरवतात. यंत्राचीही एक अडचण आहे. पट्टीची दोन्ही टोकं तिन्ही रोलरच्या एकत्र पकडीत कधी येतच नाहीत, म्हणून ती सरळ राहतात. अशी टोकं तशीच जोडली तर कडं सांध्यापाशी पेरूच्या देठाकडच्या भागासारखं टोकदार दिसतं. उपाय दोन आहेत. टोकं आधीच हातोड्याने वाकवून घ्यायची, किंवा दोन्हीकडे हातभर पट्टी जास्त ठेवायची, रोल मारून झाल्यावर टोकं एकावर एक येऊ द्यायची आणि 1904 चं माप घेऊन सरळ भाग ग्राइंडरने उडवायचे. लोखंड थोडं वाया जातं, पण गोलाई शेवटपर्यंत खरी राहते. दुसरा उपाय निःसंशय चांगला.

काहींना कडं उभ्या पट्टीचं नको असतं. दगडांवर ताटाच्या काठासारखं आडवं बसणारं हवं असतं. म्हणजे पट्टी तिच्या अरुंद कडेवर वाकवायची. हे वेगळंच प्रकरण आहे. जोर जवळजवळ सातपट लागतो. बाहेरची कड सहा टक्क्यांच्या वर ताणली जाते आणि आतली तेवढीच दाबली जाते. दाबल्या जाणाऱ्या कडेला जागा मिळेनाशी झाली की ती वर-खाली लाटा घेते. पट्टी दोन्ही सपाट बाजूंनी दाबून धरणारे रोलर नसतील तर थंड अवस्थेत हे जमत नाही. आडवा काठ हवाच असेल तर पत्र्यातून गोल कापून घेणं शहाणपणाचं.

भट्टी असेल तर गोष्ट सोपी होते. सहाशे अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते, आणि केशरी रंगापर्यंत तापलं की सोडल्यावर त्याचं मागे येणं जवळजवळ बंद होतं. जिथे ठेवलं तिथे राहतं. पण पट्टीवर निळसर झाक दिसते त्या धगीला, म्हणजे साधारण तीनशे अंशांना, वाकवायला जाऊ नये. त्या अवस्थेत पोलाद ठिसूळ होतं आणि कडेला भेगा पडू शकतात. अर्धवट तापलेली पट्टी घाईने ऐरणीवर घेणाऱ्याच्या वाट्याला हेच येतं.

तोंडं समोरासमोर आली की दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवून टाका मारायचा आणि लगेच थांबायचं. चार दिशांनी आतला व्यास मोजायचा. एकीकडे 604 आणि काटकोनात 596 आले तर लांब बाजूवर दाब देऊन, सोडून, पुन्हा मोजायचं. टाका असेपर्यंत हे शक्य आहे. पूर्ण वेल्ड झाल्यावर झगडावं लागतं. वेल्ड थंड होताना आखडतं आणि सांध्याजवळची गोलाई ओढून बिघडवतं. म्हणून थोडं बाहेरून, थोडं आतून असं आलटून पालटून भरतात आणि मग ग्राइंडर मारतात.

आता जे टाळायचंच आहे ते. जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी शेकोटीला चालत नाही. जस्त 420 अंशांना वितळतं. वेल्डिंगच्या धगीत त्याचा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. मुलामा दिलेल्या पट्टीवर घरच्या घरी वेल्डिंग करून तिचं कडं करण्याचा धोका पत्करायचं काही कारण नाही. साधी काळी पट्टी स्वस्तही असते. जुन्या फ्रिजचे चकचकीत रॅकही अन्न भाजायला वापरू नयेत, त्यांच्यावरचा मुलामा कसला आहे हे कळायला मार्ग नसतो. आणि भोवती नदीतले ओले गोटे रचू नयेत. आत मुरलेल्या पाण्याची वाफ झाली की गोटा फुटतो आणि कपच्या बसलेल्यांच्या अंगावर उडतात. त्यापेक्षा कोरडे, घट्ट दगड किंवा भट्टीच्या विटा घ्याव्यात. कड्याला रंगही नको. ते एकदा चांगलं तापवून, हाताला सोसवेल इतपत निवल्यावर जवसाच्या तेलाचा पातळ हात फिरवला की गंज पुष्कळ दूर राहतो. पावसाळ्याआधी तो पुन्हा फिरवावा लागतो.

जाळी टेकवायला आतून चार छोटे कान वेल्ड करतात. जाळीचा व्यास 600 नव्हे, 590 ठेवावा. जाळी निखाऱ्यांच्या थेट वर असते आणि कड्यापेक्षा जास्त तापते. पाचशे अंशांचा फरक पडला तर तिचा व्यास चार मिलिमीटरनी वाढतो. थंड असताना अगदी चपखल बसवलेली जाळी तापल्यावर कड्यात अडकून मधे फुगते, आणि धाव चाकाला आवळते त्याच्या उलट इथे आतली वस्तू बाहेरच्या कड्याला आतून रेटते. सांधा कच्चा असेल तर तिथेच उकलतो.

पुढच्या भागात : या जाळीच्या सळया, त्यांच्यातलं अंतर आणि स्टेनलेस घ्यावं की साधं लोखंड.