लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं? नवा घेण्याआधी हे तपासा

दुकान उघडलं, पहिलं गिऱ्हाईक समोर उभं आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर अजून उघडतच नाही. असं रोज होतंय का? साधा हिशोब करा. रोजची १० मिनिटं, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ४ तास २० मिनिटं वाया. मग आपण म्हणतो, "लॅपटॉप म्हातारा झाला, नवा घेऊ." थांबा, आधी हे बघा.

विंडोज सुरू होताना बरेच प्रोग्राम न सांगता सोबत सुरू होतात. सगळे एकाच वेळी डिस्क आणि रॅम मागतात. जुन्या हार्ड डिस्कला हे झेपत नाही, म्हणून तुमचं बिलिंग रांगेत मागे राहतं.

कसं तपासायचं?

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी खिडकी आली तर 'मोअर डिटेल्स' दाबा.

२. 'स्टार्टअप'वर जा. विंडोज ११ मध्ये त्याला 'स्टार्टअप ॲप्स' म्हणतात.

३. 'स्टार्टअप इम्पॅक्ट'मध्ये 'हाय' दिसतंय ते आधी बघा. गाणी, गेम, मीटिंगची ॲप सकाळी सकाळी कशाला हवीत? राइट क्लिक करून 'डिसेबल' करा. प्रोग्राम डिलीट होत नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. हवा तेव्हा तुम्ही उघडू शकता.

४. नाव ओळखीचं नसेल तर राइट क्लिक करून 'सर्च ऑनलाइन' करा. खात्री झाल्याशिवाय हात लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वेगाच्या नादात सरसकट सगळं बंद करू नका. अँटीव्हायरस चालूच ठेवा. तुमच्या बिलांचा बॅकअप गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर आपोआप जात असेल, तर तेही चालू ठेवा. ते बंद केलं तर बॅकअप थांबतो, आणि आपल्याला कळतं ते डिस्क उडाल्यावर! दोन मिनिटं वाचवायला वर्षभराची उधारीची वही पणाला लावायची का?

बदल केल्यावर 'शट डाउन' नको, 'रीस्टार्ट' करा. बऱ्याच लॅपटॉपवर फास्ट स्टार्टअप चालू असतं, त्यामुळे शट डाउन करूनही विंडोज पूर्ण नव्याने सुरू होत नाही.

एवढं करूनही टास्क मॅनेजरमध्ये 'डिस्क' बराच वेळ १०० टक्क्यांवर दिसते? मग हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायचा विचार करा. नव्या लॅपटॉपपेक्षा हा खर्च बराच कमी असतो. फक्त त्याआधी लॅपटॉपवर विंडोज ११ चालेल का ते विचारा, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

आजच स्टार्टअपची यादी उघडा. किती प्रोग्राम निघाले, कमेंटमध्ये नक्की सांगा!