पाळी पूर्ण जाईपर्यंत : चाळिशीनंतरचे तातडीचे गर्भनिरोधन

तातडीच्या गर्भनिरोधनाला वयाची वरची मर्यादा नाही. कंडोम फाटला, कोणतेही साधन न वापरता संबंध आले, तर पुढच्या पाच दिवसांत गर्भधारणा टाळण्याचे जे उपाय पंचविशीतल्या स्त्रीला उपलब्ध असतात, तेच सत्तेचाळिशीतल्या स्त्रीलाही असतात. भारतात 15 ते 49 वयोगटातल्या सुमारे 38 टक्के विवाहित स्त्रियांची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यांना या उपायांची गरज नाही. पण कंडोमवर किंवा ‘सुरक्षित दिवसां’च्या हिशेबावर भिस्त असलेल्या असंख्य स्त्रिया चाळिशी ओलांडतात, आणि ‘आता कुठले दिवस जायला’ असे मानून गाफील राहतात.

हा समज अर्धाच खरा आहे. चाळिशीनंतर गर्भधारणेची शक्यता झपाट्याने घटते, पण पाळी पूर्ण जाईपर्यंत ती शून्य होत नाही. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते. त्याआधीची काही वर्षे सर्वांत फसवी असतात. अंडाशयातला बीजांचा साठा आटू लागला की त्यांना चेतवणारे मेंदूतळाचे संप्रेरक वाढते. त्यामुळे सुरुवातीला पाळी जवळजवळ येते आणि स्त्रीबीज अपेक्षेपेक्षा आधीच सुटते. पुढे पाळ्या चुकू लागतात. दोन महिने पाळी आली नाही म्हणजे स्त्रीबीज सुटणे कायमचे थांबले, असे मात्र नसते. ते मध्येच एखाद्या दिवशी सुटते आणि रक्तस्राव त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी होतो. म्हणजे धोक्याचे दिवस उलटून गेल्यावरच ते कळतात. शुक्रजंतू शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, हेही ध्यानात घेतले तर या वयात कॅलेंडरवरच्या खुणा निरुपयोगी ठरतात. अंगातून वाफा येणे हीदेखील वंध्यत्वाची खूण नव्हे. संप्रेरकाच्या रक्ततपासणीचा आकडाही या काळात महिन्यागणिक वरखाली होतो, त्यामुळे एका अहवालावर विसंबता येत नाही.

नको असताना राहिलेला गर्भ या वयात शरीरालाही जड जातो. गर्भपाताचे प्रमाण वाढते, रक्तदाब आणि मधुमेहाची गुंतागुंत अधिक होते. डाउन सिंड्रोमची शक्यता चाळिसाव्या वर्षी साधारण 100 बाळंतपणांत एक, तर पंचेचाळिसाव्या वर्षी 30 मध्ये एक इतकी असते.

औषधाच्या दुकानात सहज मिळणारी गोळी लेव्होनॉर्जेस्ट्रेलची. 1.5 मिलिग्रॅमची एकच गोळी 72 तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. भारतात 2005 पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळू शकते. स्त्रीबीज सुटण्याआधी एका संप्रेरकाची लाट उसळते. ही गोळी ती लाट लांबवते, म्हणून बीज आणि शुक्रजंतूची गाठ पडत नाही. लाट सुरू झाल्यावर घेतलेली गोळी फारसे काही करू शकत नाही. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. या फरकाबद्दल लोकांच्या मनात अजून मोठा गोंधळ आहे आणि त्या गोंधळापायी कित्येक जणी वेळेत गोळी घेत नाहीत. युलिप्रिस्टल अॅसिटेट हे दुसरे औषध 120 तासांपर्यंत चालते आणि लाट चढू लागल्यावरही काही काळ काम करते.

रोजच्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांत इस्ट्रोजेन असते, त्याने रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. म्हणून चाळिशीत रक्तदाब असलेल्या, सिगारेट ओढणाऱ्या स्त्रीला डॉक्टर त्या देत नाहीत. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीत इस्ट्रोजेन नाही आणि मात्रा एकदाच घ्यायची असते. त्यामुळे रक्तदाब, मधुमेह, अर्धशिशी यांपैकी काहीही असले तरी ती घेता येते. अडचण येते ती इतर औषधांची. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन, फिट्सवरचे फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन यकृताला हे संप्रेरक लवकर मोडायला लावतात. वजन 70 किलोच्या वर असले तरी गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. अशा वेळी दुप्पट मात्रा किंवा त्याहून खात्रीची तांबी सुचवली जाते. गोळीनंतर दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा गोळी घ्यावी लागते.

तांबी, म्हणजे कॉपर-टी, हा या सगळ्यांत सर्वांत भरवशाचा उपाय. संबंधांनंतर पाच दिवसांत बसवल्यास गर्भ राहण्याचे प्रमाण हजारात सुमारे एक इतकेच राहते. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, त्यामुळे वजनाचा किंवा इतर गोळ्यांचा यात संबंध येत नाही. चाळिशीच्या स्त्रीला याचा वेगळा लाभ आहे. चाळिशीनंतर बसवलेली तांबी पाळी जाईपर्यंत न बदलता ठेवता येते, असे ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र तांबीने रक्तस्राव वाढू शकतो, आणि या वयात अंगावरून जास्त जाण्याची तक्रार आधीच असते. कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी तपासणी, मग तांबी, हा क्रम मोडू नये. लेव्होनॉर्जेस्ट्रेलयुक्त गर्भाशयातील साधन रक्तस्राव कमी करते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत तेही तातडीच्या वापरासाठी तांबीच्या तोडीचे ठरले, पण त्या चाचणीतल्या स्त्रिया 18 ते 35 वयाच्या होत्या.

गोळीनंतरची पाळी पुढेमागे होते. या वयात ‘पाळी चुकली, म्हणजे जायलाच लागली असेल’ असे गृहीत धरणे सर्वांत घातक. संबंधांनंतर 21 दिवसांनी लघवीची चाचणी करून घेतली की शंका फिटते. पोटात एका बाजूला जोराचे दुखू लागले तर थांबून चालत नाही, गर्भ नळीत राहिला नाही ना हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे लागते. गर्भ राहिलाच, तर 2021 च्या दुरुस्तीनंतर भारतीय कायद्यानुसार गर्भनिरोधक साधन निष्फळ ठरल्यामुळे 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, आणि त्यासाठी स्त्री विवाहित असण्याची अट नाही.

रजोनिवृत्तीच्या त्रासासाठी दिलेली संप्रेरकांची उपचारपद्धती गर्भनिरोधक नव्हे. ती चालू असतानाही वेगळे साधन वापरावे लागते. शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर त्यापुढे एक वर्ष, आणि त्याआधीच आली असेल तर दोन वर्षे गर्भनिरोधन चालू ठेवायचे असते.