आडनावे दुर्मीळ का होतात?

अंबरनाथ पश्चिमेतील कोणत्याही शाळेचे हजेरीपत्रक उघडून पाहावे. पाटील, शिंदे, जाधव, पवार ही आडनावे एकेका वर्गात दोन-दोन, तीन-तीन भेटतात, आणि त्यांच्यामध्ये एखादे आडनाव असे असते की ते साऱ्या शाळेत एकाच मुलाचे आहे. शाळेच्या पहिल्या दिवशी शिक्षक हमखास विचारतात, "हे कुठलं रे आडनाव?" मुलगा म्हणतो, "बाबांना विचारून सांगतो, सर." बहुतेक वेळा बाबांनाही ठाऊक नसते. ठाऊक असलीच तर एक कथा असते. तीत कोणीतरी सरदार असतो, एखादा किल्ला असतो, आणि घराणे फार जुने असल्याची खात्री असते.

जे दुर्मीळ ते जुने आणि मानाचे, अशी आपली एक सर्वसाधारण समजूत आहे. आडनावांच्या बाबतीत ती बहुधा खरी नाही. आडनाव दुर्मीळ असण्याची कारणे पुष्कळच साधी आहेत: ते मुळात किती ठिकाणी जन्मले, त्या घरात मुलगे किती झाले, आणि शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात ते कसे लिहिले गेले.

ही तपासणी करायला अंबरनाथ हे गाव सोयीचे आहे. येथील शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. त्यात शिलाहार राजाची व अधिकाऱ्यांची नावे आणि लांबलचक पदव्या आहेत. आजच्या अर्थाने आडनाव म्हणावे असे काही नाही. त्यानंतर कित्येक शतके हे एक लहान गाव होते. विसाव्या शतकात आगपेट्यांचा कारखाना आला (विम्को नाका हे नाव त्याचेच), पुढे संरक्षण खात्याचे कारखाने व इतर उद्योग आले, आणि कोकण, देश, खानदेश, विदर्भ व इतर राज्ये यांतील माणसे येथे राहू लागली. शेजारच्या कल्याण कॅम्पात फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. त्यामुळे या भागातले हजेरीपत्रक म्हणजे चाऱ्ही दिशांहून आलेल्या आडनावांचा संग्रहच आहे.

आता पहिले कारण पाहू. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही मुळात कामांची व वतनांची नावे. गावोगावी एक पाटील होता, म्हणजे हे आडनाव हजारो ठिकाणी स्वतंत्रपणे जन्मले. दोन पाटील एकमेकांचे नातलग असलेच पाहिजेत असे नाही. त्यांची जातही वेगळी असू शकते. असे आडनाव सर्वत्र आढळले तर नवल नाही.

हा प्रकार केवळ आपल्याकडचा नाही. पोलंडमध्ये सर्वांत जास्त आढळणारे आडनाव नोवाक. त्याचा अर्थ 'नवा आलेला'. प्रत्येक गावात कधी ना कधी एखादा नवा माणूस येतोच! (अंबरनाथमध्ये आडनावे नव्याने पडायची असती, तर अर्धे गाव नोवाक झाले असते.) कोवाल्स्की हे तिकडचे दुसरे नेहमीचे आडनाव, 'कोवाल' म्हणजे लोहार. तेथील '-स्की' हा प्रत्यय बऱ्याचदा आपल्या '-कर'चे काम करतो, म्हणजे गावाच्या नावाला लागून माणसाचे मूळ सांगतो. बाईचे आडनाव असेल तर तो '-स्का' होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित, त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत १९४३ ते १९४८ या काळात राहून गेले. '-स्की' आणि '-कर' ही मंडळी तेव्हा शेजारी शेजारी नांदत होती.

पोलंडमध्ये विश्नेव्स्की हे आडनाव विपुल आहे, कारण चेरीच्या झाडावरून नाव पडलेली गावे तेथे अनेक आहेत. आपल्याकडे पिंपळगाव आणि वडगाव जागोजागी आहेत. तेव्हा पिंपळगावकर किंवा वडगावकर यांचा उगम एक नव्हे, अनेक. उलट ज्या नावाचे गाव एकच, त्याच्यावरून पडलेले आडनाव विरळाच राहणार. अलिबागजवळच्या किहीमवरून आलेले केहिमकर हे तसे आहे. बेने इस्राएल समाजाचा इतिहास लिहिणारे हाइम सॅम्युएल केहिमकर यांच्यामुळे ते अभ्यासकांना माहीत झाले. या समाजाने कोकणातल्या आपापल्या गावांची नावे आडनाव म्हणून घेतली आणि पुढे ती इस्राएलपर्यंत नेली.

'-कर'ची आणखी एक गंमत आहे. गावात सगळेच त्या गावचे, तेव्हा तेथे 'अमुककर' म्हणून कोणाची ओळख पटत नाही. गाव सोडून गेल्यावर ती पटते. ज्या गावातून माणसे बाहेर पडली त्याचे आडनाव होते. ज्या गावात माणसे येत राहिली त्याचे सहसा होत नाही. अंबरनाथकर आडनावाचा मनुष्य आम्हाला अंबरनाथमध्ये अद्याप भेटलेला नाही, त्याचे कारण हेच असावे.

एखाद्या आडनावाचा जन्म नेमका माहीत असणे ही क्वचित घडणारी गोष्ट. मंगेशकर हे त्याचे उत्तम उदाहरण. मास्टर दीनानाथांचा जन्म १९०० साली गोव्यातील मंगेशी येथला. घराणे मूळचे हर्डीकर. मंगेशाच्या देवळात अभिषेक करण्याच्या कामावरून त्यांना अभिषेकी म्हणत. दीनानाथांनी गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले. मंगेशीचेच पंडित जितेंद्र अभिषेकी यांच्या आडनावात कामाची खूण राहिली. एकच देऊळ, आणि त्यातून निघालेली दोन विरळ आडनावे: एक गावाचे, एक कामाचे.

आता दीनानाथांच्या घराची मोजणी करू. मुले पाच: लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ. चार मुली, एक मुलगा. आडनाव जगभर पोचवले ते लताबाईंनी. पण आडनाव वडिलांकडूनच येते या नियमाने ते पुढच्या पिढीत न्यायला पाचांतले एकटे हृदयनाथच उरले. तेही कन्या असते, तर या घराण्यापुरते आडनाव एका पिढीत थांबले असते. कीर्ती आणि गणना यांचा काही संबंध नाही, हे येथे स्वच्छ दिसते.

हा प्रश्न गणिताच्या भाषेत प्रथम गाजला तो इंग्लंडमध्ये. नामांकित घराण्यांची आडनावे भराभर नाहीशी होतात, त्याअर्थी थोरामोठ्यांची संततीच दुबळी असली पाहिजे, असे तेव्हा म्हटले जाई. फ्रान्सिस गाल्टन यांना शंका आली की हा नुसता योगायोगाचा खेळ असेल. त्यांनी १८७३ मध्ये 'एज्युकेशनल टाइम्स' या मासिकात तो कोडे म्हणून घातला. हे मासिक शिक्षकांसाठीच निघत असे, याची आमच्या वाचकांनी कौतुकाने नोंद घ्यावी. रेव्हरंड हेन्री वॉटसन यांनी उत्तर दिले आणि १८७४ मध्ये दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्यातला मुद्दा वर्गात नाणे उडवून पाहता येतो. चाळीस विद्यार्थ्यांना चाळीस चिठ्ठ्या द्याव्यात. प्रत्येकीवर वेगळे आडनाव. एक चिठ्ठी म्हणजे एक पुरुष. प्रत्येकाला दोन मुले होतात असे धरून नाणे दोनदा उडवायचे. छापा पडला तर मुलगा, काटा पडला तर मुलगी. जितके मुलगे तितक्या त्याच आडनावाच्या नव्या चिठ्ठ्या करायच्या आणि जुनी फाडायची. दोन्ही वेळा काटा पडला की आडनाव गेले.

दोन्ही वेळा काटा पडण्याची संभाव्यता १/४. म्हणून पहिल्याच पिढीत चाळिसांपैकी सरासरी १० आडनावे नाहीशी होतात. दुसऱ्या पिढीअखेर एकूण सुमारे १६, तिसरीअखेर १९, पाचवीअखेर २४ आणि दहावीअखेर जवळजवळ ३०. चिठ्ठ्यांची एकूण संख्या मात्र सरासरीने चाळीसच राहते. म्हणजे उरलेल्या दहा आडनावांत चाळीस माणसे, आणि तीही सारखी वाटलेली नसतात. एखाद्या आडनावाकडे दहा-बारा, तर एखाद्याकडे एकच. आरंभी सर्व समान होते. कोणी शूर नव्हता की कोणी दुबळा नव्हता. तरी काही आडनावे 'सर्वसाधारण' झाली, काही 'दुर्मीळ' झाली, आणि बहुतेक नाहीशीच झाली. (प्रत्येक वर्गात आकडे थोडे वेगळे येतील. तसे आले नाहीत तर मुलांनी नाणी न उडवताच लिहिले, असे समजावे!)

चीन व कोरियात आडनावे शतकानुशतके वडिलांकडून मुलांकडे जात आली, आणि आज तेथे थोड्याच आडनावांत फार मोठी लोकसंख्या सामावली आहे. कोरियात पाचांतला एकाहून अधिक मनुष्य किम असतो. त्याला इतरही कारणे आहेत, पण हा खेळ त्यांपैकी एक आहे.

वॉटसन यांच्या उत्तरात एक चूक होती, आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ती दाखवण्यासारखी आहे. प्रत्येकाला तीन मुले होतात असे धरा. आडनाव कधीतरी लोप पावण्याची संभाव्यता 'क्ष' मानू. एखाद्या अपत्याकडून आडनाव पुढे न जाण्याचे मार्ग दोन: ती मुलगी असणे, संभाव्यता १/२; किंवा तो मुलगा असून त्याचा वंश पुढे थांबणे, संभाव्यता क्ष/२. दोन्ही मिळून (१ + क्ष)/२. तिन्ही अपत्यांच्या बाबतीत तसेच घडले तर आडनाव लोपेल. म्हणून क्ष = (१ + क्ष)/२ चा घन. या समीकरणाला क्ष = १ हे उत्तर लागू पडते. वॉटसन तेवढ्यावर थांबले आणि म्हणाले की लोकसंख्या वाढती असली तरी प्रत्येक आडनाव नाहीसे होणारच. पण समीकरणाला आणखी एक धन मूळ आहे: ५ चे वर्गमूळ वजा २, म्हणजे सुमारे ०.२३६. खरे उत्तर हे. दर घरी तीन मुले असली तर शेकडा २४ आडनावे लोपतात, बाकीची तरतात. फ्रेंच गणिती बिएनेमे यांनी १८४५ मध्येच योग्य निष्कर्ष सांगितला होता, पण तो विस्मृतीत गेला. पुढे १९२७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी हीच रीत जनुकांतील नव्या बदलाला लावली. लाभदायक बदलसुद्धा बहुधा पहिल्या काही पिढ्यांतच हरवतो, असे त्यातून दिसले. हे हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथील नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

महाराष्ट्रात आज दर घरी तीन मुले नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्याचा जननदर स्त्रीमागे १.७ आहे. मुलगे त्याच्या निम्मे, म्हणजे एकापेक्षा कमी. अशा वेळी आपल्या समीकरणाचे उत्तर एकच येते, आणि ते म्हणजे १.

तरीही आडनावे संपत नाहीत, कारण नवी निर्माण होतात. त्यांत शाळेचा वाटा मोठा आहे. डॉ. बाबासाहेबांचे घराणे सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून आलेल्या आंबडवेकर या आडनावाचे आंबेडकर कसे झाले, याबद्दल त्यांच्या चरित्रांतून एका शिक्षकांची हकीकत सांगितली जाते. आपलेच आडनाव त्यांनी या विद्यार्थ्याला दिले अशी ती आहे. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव दाखल आहे. रजिस्टरातली एक ओळ केवढे काम करते! आजही एखाद्या कारकुनाने दाखल्यावर एक काना कमी-जास्त केला, तर सख्ख्या भावांची आडनावे दोन होतात. पुढे राजपत्रात नाव बदलण्याचा खटाटोप नको म्हणून तीच कायम राहतात, आणि एका 'दुर्मीळ' आडनावाची भर पडते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुष्कळांनी आडनावे बदलली ती जात ओळखू येऊ नये म्हणून, आणि काही ठिकाणी आडनाव विचारले जाते तेही जात कळावी म्हणूनच. वर्गात हा विषय घेताना मुलांना आपले घराणे सांगायला लावू नये. आडनाव गावाचे, कामाचे की पूर्वजाचे (कृपलानी, वासवानी यांतील '-आनी' पूर्वजाच्या नावाला लागतो) एवढी वर्गवारी फळ्यावर पुरे. सांगायचे नसेल त्याला मोकळीक असावी.

आणि चिठ्ठ्यांचा खेळ दुसऱ्या नियमानेही खेळून पाहावा. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्र शासनाने आईचे नाव आवश्यक केले आहे: स्वतःचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. आडनावाचा नियम त्याने बदलत नाही. समजा, तोही बदलला. प्रत्येक अपत्याला आईचे आडनाव द्यायचे की वडिलांचे, हे नाणे उडवून ठरवले. एका माणसापुरते गणित तेच राहते, कारण दोनांपैकी प्रत्येक अपत्याकडे त्याचे आडनाव जाण्याची संभाव्यता पुन्हा १/२ आहे. पण आता बहिणीही मोजणीत येतात. भाऊ एकटा असता तर दहा पिढ्यांत आडनाव लोपण्याची शक्यता शेकडा ७४. भाऊ-बहीण दोघे असतील तर ती ५५ होते. चार बहिणी व एक भाऊ अशा घरात आडनाव पुढच्याच पिढीत जाण्याची शक्यता जुन्या नियमाने चारात एक आहे. नव्या नियमाने ती १,०२४ मध्ये एक.