बारावीनंतर कॉलेज कशाला? पदवीने कोणती दारं उघडतात आणि कोणती नाही, वाचा सविस्तर

बारावीचा निकाल मोबाईलवर बघून होतो, पेढे वाटून होतात आणि दोन दिवसांत घरोघरी एकच प्रश्न सुरू होतो, "आता पुढं काय?" गावात उदाहरणं दोन्ही बाजूंची असतात. बीए होऊन घरी बसलेला एक जण आणि बारावीनंतर कंपनीत लागून गाडी घेतलेला दुसरा. मग बाप विचारतो, "तीन वर्षं घालवून मिळणार काय?" प्रश्न चुकीचा नाही. पण "शिक्षण महत्त्वाचं असतं" एवढं उत्तर त्याला पुरत नाही. हिशेब मांडूनच बघावा लागतो.

तीन वर्षांची किंमत किती?

समजा, पोरगं बारावीनंतर एमआयडीसीत लागलं आणि महिना १५ हजार मिळाले. खोली, मेस आणि वरखर्चाला ८ हजार गेले तर हातात ७ हजार उरतात. तीन वर्षांत अडीच लाख. तेच पोरगं तालुक्याच्या अनुदानित कॉलेजात गेलं आणि फी, एसटी, पुस्तकं धरून वर्षाला २० हजार लागले तर तीन वर्षांत ६० हजार खर्च. म्हणजे फरक तीन लाखांच्या पुढे जातो. ज्या घरात डोक्यावर सोसायटीचं कर्ज आहे, त्या घरासाठी ही रक्कम छोटी नाही. म्हणूनच त्या बदल्यात काय मिळतं, हे आधी नीट कळायला हवं.

पदवी म्हणजे नोकरी नव्हे, अर्ज भरायचा हक्क

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. पदवी नोकरी देत नाही. पदवी फॉर्म भरू देते. फरक असा:

• ग्रामीण डाक सेवक दहावीवर होता येतं. बँकेतल्या क्लार्कसाठी पदवी लागते.
• पोलीस शिपाई बारावीवर होता येतं. सरळसेवेने पीएसआय व्हायचं तर पदवी लागते.
• अंगणवाडी सेविकेला बारावी चालते. मुख्यसेविका व्हायचं तर पदवी लागते.
• तलाठी आणि एमपीएससीची राज्यसेवा, दोन्हीकडे पदवी हवीच.

दाराशी गर्दी किती, हेही लपवून चालणार नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. त्यामुळे "पदवी झाली की सरकारी नोकरी" या भरवशावर कोणी पोराला पाठवत असेल तर निराशा ठरलेली. पण पदवीच नसेल तर त्या गर्दीत उभंही राहता येत नाही.

वय थांबत नाही

"आधी कमवू दे, शिक्षण नंतर बघू" असं बरेच जण म्हणतात. बँक क्लार्कच्या परीक्षेला खुल्या गटासाठी वयाची मर्यादा २८ आहे. वेळेत शिकलेलं पोरगं २१ व्या वर्षी पदवीधर होतं, म्हणजे हातात सात वर्षं राहतात. तेच २४ व्या वर्षी कंपनी सोडून कॉलेजला आलं तर पदवी मिळेपर्यंत २७ उजाडतं. एमपीएससीची मर्यादा जास्त आहे, पण तोवर लग्न, लेकरं आणि घरची जबाबदारी अंगावर येते. पगार पुढेही मिळवता येतो, ही वर्षं परत येत नाहीत.

नोकरी करायचीच नसेल तर?

गावातच धंदा करायचा म्हटलं तरी काही ठिकाणी कागद आडवा येतो. कृषी सेवा केंद्रात खत आणि कीटकनाशक विकायचा परवाना हवा तर साधारणपणे कृषी शाखेची पदविका किंवा पदवी, नाहीतर रसायनशास्त्रासारख्या विषयातली विज्ञान पदवी लागते. मेडिकल दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो. त्यासाठी बारावी सायन्सनंतर दोन वर्षांचं डी. फार्मसी पुरतं. दुसऱ्याचं सर्टिफिकेट भाड्याने घेऊन दुकान चालवणं नियमात बसत नाही आणि तपासणीत अंगाशी येतं.

मुलींच्या बाबतीत हिशेब वेगळा

बारावीनंतर मुलगी घरी बसली की स्थळं यायला वेळ लागत नाही. कायद्याने १८ पूर्ण झाले म्हणजे लग्न केलंच पाहिजे असं नाही. "पोरगी शिकतेय" हे उत्तर पाहुण्यारावळ्यांना पुरतं आणि तिला तीन वर्षं मिळतात. सासरी गेल्यावर राहिलेली पदवी पूर्ण करणं किती अवघड असतं, हे गावातल्या कुठल्याही सुनेला विचारावं. पुढे घरावर वेळ आली तर फॉर्म भरायचा कागद तिच्या स्वतःच्या नावावर असतो.

राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये मोठा निर्णय घेतला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, कृषी असे कोर्स यात येतात. मात्र प्रवेश सरकारी कॅप राउंडमधूनच झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातला चालत नाही. हॉस्टेल आणि मेसचा खर्च यात धरलेला नाही.

खर्चाला हातभार कुठून?

एसटीचा विद्यार्थी पास ६६.६७ टक्के सवलतीत मिळतो, म्हणजे एक तृतीयांशच पैसे भरावे लागतात. वसतिगृहात नंबर लागला नाही तर अनुसूचित जातीसाठी स्वाधार, अनुसूचित जमातीसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयं आणि ओबीसीसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार या योजना आहेत. पैसे विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी भरावा लागतो. पहिल्या वर्षी भरला म्हणजे झालं, असं समजू नये.

मध्येच सोडावं लागलं तर?

नव्या शैक्षणिक धोरणात याची सोय आहे. ठरलेले क्रेडिट आणि एक छोटा कौशल्य कोर्स पूर्ण केला तर एका वर्षावर सर्टिफिकेट आणि दोन वर्षांवर डिप्लोमा मिळतो. तीन वर्षांवर पदवी. नंतर परत येऊन पुढचं शिक्षणही घेता येतं. रोज जाणं जमतच नसेल तर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी घेता येते आणि ती स्पर्धा परीक्षांना चालते.

कॉलेज सगळ्यांसाठीच नाही

ज्याचा हात हत्यारावर बसतो त्याला मारूनमुटकून बीएला घालण्यात अर्थ नाही. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड केलेल्याला महावितरणच्या विद्युत सहायक भरतीत संधी असते. स्वतःची कामं घेता येतात ते वेगळंच. सगळ्यात वाईट रस्ता म्हणजे नुसतं नाव घालायचं, वर्षभर गावात फिरायचं आणि गाईड वाचून पेपर द्यायचे. त्यात तीन वर्षंही जातात आणि हाताला काहीच लागत नाही. "बीए होऊन घरी बसला" या उदाहरणामागे बऱ्याचदा हेच असतं.

प्रवेशाआधी एवढं कराच

• कॉलेज कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे आणि त्या कोर्सला मान्यता आहे का, हे तपासा.
• एकूण फी किती, हे लेखी घ्या. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती ठेवा.
• उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, डोमिसाईल आणि लागत असेल तिथे जात पडताळणी आत्ताच काढायला टाका. ऐन वेळी सेतूवर गर्दी होते.
• विद्यार्थ्याचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते बघा.
• आणि शेवटचं म्हणजे, पोराला किंवा पोरीला समोर बसवून विचारा की तीन वर्षांनी कोणता फॉर्म भरायचा आहे. त्याचं उत्तर घरात ठरलं असेल तर कॉलेजचा खर्च वाया जाण्याची भीती बरीच कमी होते.