ऑफ-रोड वाहनासाठी 'रॉक स्लायडर' निवडताना

नागपूरहून जबलपूर, रेवा आणि मिर्झापूरमार्गे वाराणसीला जाणारा रस्ता महाराष्ट्रातील यात्रेकरूंच्या चांगल्या परिचयाचा आहे. 2010 मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलण्यात आले, त्यापूर्वी हा रस्ता देशातील सर्वांत लांब महामार्गाचा, म्हणजे क्रमांक 7 चा, भाग होता. त्या महामार्गाचे एक टोक वाराणसीत, तर दुसरे कन्याकुमारीत होते. आता या वाटेने महिंद्रा थार, फोर्स गुरखा, मारुती जिम्नी यांसारखी चारही चाकांना शक्ती पुरवणारी वाहने घेऊन निघालेले पर्यटकही दिसतात. काशीदर्शन आटोपले की त्यांपैकी काही जण गंगेच्या दक्षिणेकडील विंध्य पठाराकडे, चंदौली, मिर्झापूर आणि सोनभद्र जिल्ह्यांतील धबधब्यांकडे आणि डोंगरवाटांकडे वळतात.

या पठाराचा दगड वालुकाश्म आहे. चुनारच्या खाणींतील हाच दगड सारनाथच्या अशोकस्तंभासाठी वापरला गेला आणि काशीच्या घाटांच्या पायऱ्याही त्याच्याच. हा दगड थराथरांनी बनलेला असल्याने थरांवरच फुटतो, आणि म्हणून ओढ्यांच्या पात्रांत आणि चढउतारांवर त्याच्या नैसर्गिक पायऱ्या तयार होतात. माणसाला त्या सोयीच्या वाटतात. वाहनासाठी मात्र त्या अडचणीच्या ठरतात, कारण पुढची चाके पायरी उतरून गेली तरी मागची अद्याप वरच असतात आणि मधला भाग कडेवर टेकतो. पायरी तिरकी ओलांडली, तर प्रथम टेकतो तो दरवाजाखालचा लांबट भाग, म्हणजे गाडीचा उंबरठा.

या उंबरठ्याच्या रक्षणासाठी चाकांच्या मधल्या जागेत दोन्ही बाजूंना जो भक्कम पोलादी दांडा बसवतात, त्याला 'रॉक स्लायडर' असे म्हणतात. दगडावर आदळण्याऐवजी वाहनाने त्यावरून घसरत पुढे जावे, हा त्याचा हेतू. या वस्तूला मराठीत प्रतिशब्द रूढ नाही. 'शिलाघर्षक दंड' अशासारखा शब्द घडवणे अशक्य नाही, परंतु तो गॅरेजमध्ये कोणाला कळणार नाही. म्हणून येथे मूळ शब्दच ठेवला आहे.

चाकांमधले अंतर

स्लायडरची गरज कोणाला किती, हे प्रथम पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतरावर ठरते. तीन दरवाजांच्या थारमध्ये हे अंतर 2450 मिलिमीटर आहे आणि पोट न टेकता उंचवटा ओलांडण्याचा तिचा कोन सुमारे 27 अंशांचा आहे. पाच दरवाजांच्या थार रॉक्समध्ये हेच अंतर 2850 मिलिमीटर होते आणि कोन सुमारे 24 अंशांवर येतो. पाच दरवाजांच्या जिम्नीचे अंतर 2590 मिलिमीटर असले, तरी जमिनीपासूनची उंची थारपेक्षा कमी असल्याने तिचा कोनही 24 अंशांच्याच आसपास आहे.

याचा अर्थ असा की, कुटुंबासाठी म्हणून घेतलेल्या लांब गाडीलाच स्लायडरची गरज अधिक असते. प्रत्यक्षात पाहावे तर जाडजूड नळ्या लावलेल्या दिसतात त्या बहुधा आखूड गाड्या, आणि त्यांतील कित्येकांनी डांबरी रस्ता सोडलेलाही नसतो.

उंबरठ्याचे नुकसान केवळ दिखाऊ नसते, हेही येथे लक्षात घ्यायला हवे. तो पत्रा दुमडून बनवलेला पोकळ कप्पा असतो आणि दरवाजाच्या चौकटीचा ताठरपणा त्यावर अवलंबून असतो. तो आत चेपला की दरवाजा नीट लागत नाही. दुरुस्तीसाठी पत्रा कापून नवा जोडावा लागतो आणि डेंटिंग-पेंटिंगवर ते काम भागत नाही.

चेसिस की बॉडी?

निवड करताना सर्वांत महत्त्वाचा प्रश्न नळीच्या आकाराचा नसून ती कशाला जोडली आहे, हा आहे. थार, गुरखा आणि जिम्नी या तिन्ही वाहनांची रचना शिडीसारख्या चेसिसवर वेगळी बॉडी बसवलेली, अशी आहे. खरा स्लायडर चेसिसला जोडलेला असतो, त्यामुळे दगडाचा भार पत्र्यावर न जाता थेट चेसिसवर जातो. बाजारात मिळणारे 'साइड स्टेप' किंवा 'फूटस्टेप' बहुधा पातळ पट्ट्यांवर टांगलेले असतात. वयस्कर माणसाला गाडीत चढण्यासाठी ते उपयुक्त आहेत. पण दगडावर गाडीचे वजन आले की तेच वर ढकलले जाऊन उंबरठ्यात घुसतात, म्हणजे काहीही न लावलेल्या गाडीपेक्षा नुकसान अधिक. शिवाय ते खाली लोंबत असल्याने जमिनीपासूनची उंचीही घटते. ज्या वाहनांना स्वतंत्र चेसिस नसते, त्यांना खऱ्या अर्थाने स्लायडर बसवणे अवघड असते. त्यांच्या मालकांनी पायऱ्यांच्या वाटेला न जाणेच श्रेयस्कर.

बॉडी आणि चेसिस यांच्यामध्ये रबरी टेकू असतात व खडबडीत वाटेवर बॉडी थोडी हलते. म्हणून स्लायडर आणि उंबरठा यांच्यात बोटभर फट सोडलेली असावी. फट नसेल, तर पहिल्याच प्रवासात रंग घासला जातो आणि तेथून गंज धरतो.

जोड वेल्डिंगचा असावा की बोल्टचा, याबद्दल हौशी चालकांमध्ये जुना वाद आहे. वेल्डिंगचा सांधा मजबूत असतो, यात शंका नाही. तथापि, चेसिसचे पोलाद उष्णतेने त्या जागी बदलते, वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो आणि स्लायडर वाकल्यास तो काढता येत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, स्पर्धेसाठी नव्हे तर प्रवासासाठी वाहन वापरणाऱ्याने जाड पट्ट्यांसह बोल्टने बसवलेला स्लायडरच घ्यावा. त्यासाठी चेसिसला नवी छिद्रे पाडण्याचे शक्यतो टाळावे, आणि वरच्या व खालच्या कडेला तर मुळीच पाडू नयेत. गाडी वाकवू पाहणारा सर्वाधिक ताण त्याच दोन कडांवर येतो.

नळी आणि तिचे पाय

नळी जितकी जाड दिसते तितकी ती मजबूत, हा समज अर्धाच खरा आहे. बाहेरचा व्यास वाढला की नळी वाकण्यास अधिक विरोध करते. पण टोकदार दगडाने तिला पोचा येऊ नये म्हणून भिंतीची जाडी लागते. साधारण 45 मिलिमीटर व्यास आणि किमान 3 मिलिमीटर जाडीची भिंत, ही चांगल्या स्लायडरची सुरुवात मानली जाते. जिन्याचे कठडे किंवा फाटके घडवणाऱ्या कारागिराकडून स्वस्तात काम करून घेणाऱ्यांनी हे विशेष पाहावे. कठड्याची नळी माणसाचा भार सोसण्यासाठी असते, दीड-दोन टनांच्या गाडीसाठी नव्हे. ॲल्युमिनियमचे स्लायडर हलके खरे, पण मऊ धातूत दगड रुततो. पोलाद घसरते, आणि घसरणे हेच येथे अपेक्षित आहे.

नळीहूनही पायांकडे लक्ष द्यावे. आखूड गाडीला प्रत्येक बाजूस किमान तीन आणि लांब गाडीला चार आधार असावेत. ब्रेकच्या नळ्या, वायरिंग आणि इंधनाची टाकी यांना ते चिकटता कामा नयेत.

पाय किती तिरके असावेत, हे वाटेवर अवलंबून आहे. आडवा सरळ स्लायडर पायरी म्हणूनही वापरता येतो. किंचित वर उचललेला स्लायडर खालून लवकर टेकत नाही आणि दरवाजाचेही थोडे रक्षण करतो. विंध्याच्या कडांसाठी तोच बरा. काही स्लायडरांची मागची बाजू बाहेर फुगवलेली असते, म्हणजे वळताना झाडाचा बुंधा किंवा उभा दगड आला तर मागचे चाक त्यापासून दूर ढकलले जाते. 2014 पासून गोव्यात पावसाळ्यात होत आलेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेसारख्या चिखल-जंगलाच्या वाटेवर अशा रचनेचा उपयोग अधिक. सह्याद्रीत सुटे काळे धोंडे चाकाखालून निसटून थेट उंबरठ्यावर आदळतात, तेथे भिंतीची जाडीच कामी येते.

विकत घेतल्यावर एक चाचणी अवश्य करावी. सपाट, कठीण जागेवर स्लायडरच्या मध्यभागी जॅक लावून गाडीची ती बाजू उचलावी आणि उंबरठ्याजवळची फट पाहावी. फट मिटली, किंवा गाडी खाली घेतल्यावर पूर्ववत झाली नाही, तर तो स्लायडर परत करावा. फूटस्टेपला जॅक लावून चाक बदलण्याचा प्रयत्न तर कधीही करू नये. पट्टी वाकून जॅक निसटला, तर गाडी खाली असलेल्या माणसावर येते. जॅकवर उभ्या असलेल्या कोणत्याही गाडीखाली शिरू नये, हा नियम स्लायडर कितीही भक्कम असला तरी लागू आहे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल, असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये या कलमाचा अर्थ स्पष्ट करताना हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. त्यापूर्वी डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुढे लावल्या जाणाऱ्या क्रॅश गार्ड आणि बुल बारविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना सांगितले होते. ते पत्र बाजूच्या स्लायडरांसाठी नव्हते, तरीही वाहनाची रुंदी वाढवणारा आणि कडेच्या पादचाऱ्याला लागेल असा दांडा तपासनीसाच्या नजरेत येणारच.

म्हणून चाकांच्या बाहेरच्या रेषेच्या आत राहणारा स्लायडर निवडावा, बसवण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारावे आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. उत्पादकाच्या अधिकृत यादीतील वस्तू मिळत असेल, तर तिला प्राधान्य द्यावे. जीप रँग्लर रुबिकॉनसारख्या काही गाड्यांना असे संरक्षण कारखान्यातूनच येते.

सुरक्षेचा एक मुद्दा यात राहून जातो. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या भारत एनकॅप योजनेत बाजूने होणाऱ्या धडकेचीही चाचणी असते, पण ती होते कारखान्यातून निघालेल्या गाडीवर. नंतर चेसिसला दांडे जोडलेल्या गाडीला तेच तारे लागू होतात, असे गृहीत धरता येणार नाही.

वाराणसीपासून सुमारे 70 किलोमीटरवर असलेले राजदरी आणि देवदरी हे धबधबे 1957 मध्ये स्थापन झालेल्या चंद्रप्रभा अभयारण्यात येतात. गीरचे सिंह तेथे वसवण्याचा प्रयोगही त्याच वर्षी झाला होता. अभयारण्यात ठरलेला रस्ता सोडून गाडी नेण्याची मुभा नाही, तेथे वन विभागाची परवानगी लागते. बाहेरच्या वाटांवरून परतल्यावर मात्र दोन कामे त्याच दिवशी करावीत. नळीच्या खालच्या छिद्रांतून चिखल धुऊन काढावा, अन्यथा वरचा रंग शाबूत दिसत असताना नळी आतून गंजते. आणि नव्या स्लायडरचे सर्व बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत, कारण पहिल्या काही प्रवासांत ते सैल होतातच.